मृगाच्या आधी, आत्या

पुणे, मे महिन्याची अखेर

ती. आत्यास,


परवा फोनवर तू म्हणालीस, "काहून गं, सर्दी-पडशासाठीही आता सुया घ्यायच्या का? काय करून राहिले हे डॉक्टर लोक!" तेवढ्यात दारावर कोणीतरी आलं आणि बोलणं तिथंच राहिलं. हा विषय फोनवर घाईघाईनं उरकण्यासारखा नाही, म्हणून सावकाश बसून लिहिते आहे. पत्र तुझ्या नावानं आहे, पण नागपूरच्या महालातल्या आणि इतवारीतल्या, किंबहुना ज्या ज्या घरात तुझ्यासारख्या शंका आहेत तिथल्या मोठ्या माणसांनीही ते वाचावं असं वाटतं. म्हणून ते उघडंच ठेवते.

आधी एक गोष्ट सांगून टाकते. तुझ्या शंका मला खुळचट वाटत नाहीत. लशीच्या नावानं नाक मुरडणाऱ्यांतली तू नाहीसच. पल्स पोलिओच्या रविवारी गल्लीतली पोरं गोळा करून बूथवर नेणारी तू. कोणाच्या करंगळीवर शाईची खूण नाही ते बघून त्याच्या आईला हाक मारणारी तू. त्या रविवारांचं फळ आपण पाहिलं. जानेवारी २०११ नंतर देशात पोलिओचा नैसर्गिक विषाणूनं झालेला एकही रुग्ण सापडला नाही आणि मार्च २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्याला पोलिओमुक्त म्हणून प्रमाणपत्र दिलं. तुझ्या दंडावर देवीचा वण आहे. माझ्या मुलांच्या दंडावर तो नाही, कारण त्यांच्या जन्माआधीच देवीचा रोग जगातून गेला. तेव्हा लस म्हणजे काय हे मी तुला शिकवावं असं काही नाही. तुझा प्रश्न वेगळा आहे. पोलिओ आणि देवी हे मोठे रोग होते, त्यांच्यासाठी टोचून घेणं समजतं; पण फ्लूसाठी कशाला, तेही दर वर्षी, आणि कोविडच्या लशींबद्दल एवढं ऐकल्यावर? प्रश्न रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर मिळायला हवं.

फ्लू म्हणजे सर्दी नव्हे, इथून सुरुवात करू. सर्दी आणणारे विषाणू दोनशेच्या वर आहेत. नाक गळतं, घसा खवखवतो, चार दिवसांत माणूस बरा होतो. फ्लू इन्फ्लुएन्झा या विषाणूनं होतो. तो चढतो एकदम. सकाळी कामाला लागलेला माणूस संध्याकाळी अंथरुणाला खिळतो. ताप १०२-१०३, अंग ठेचल्यासारखं दुखतं, कोरडा खोकला, उठून पाणी घ्यायचीही ताकद राहत नाही. धडधाकट माणूस आठवड्याभरात उठतो. पण वय साठ-पासष्टच्या पुढे असेल, साखर किंवा रक्तदाब असेल, हृदयाचं किंवा दम्याचं दुखणं असेल, पोटात बाळ असेल किंवा बाळच पाच वर्षांच्या आतलं असेल, तर हाच फ्लू फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया करू शकतो.

आपल्या नागपूरला हे नव्यानं सांगायला नको. १९१८ साली पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या महिन्यांत फ्लूची साथ जहाजांतून मुंबईच्या गोदीत उतरली आणि रेल्वेनं देशभर गेली. लोक तिला मानमोडी म्हणत. पहिली लाट जून-जुलैची, तुलनेनं सौम्य. सप्टेंबरनंतर आलेल्या दुसऱ्या लाटेनं खरा घात केला. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महागलं होतं, माणसं आधीच खंगलेली होती. देशात सव्वा ते पावणेदोन कोटी माणसं गेली असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आणि देशातल्या सगळ्या मोठ्या प्रांतांत सर्वाधिक मृत्युदर होता मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा, म्हणजे ज्याची राजधानी नागपूर होती त्या आपल्याच प्रांताचा. म्हातारे आणि तान्ही मुलं तर गेलीच, पण वीस ते चाळीस वयाची कर्ती माणसंही मोठ्या संख्येनं गेली, त्यातही बायका जास्त. आजारी नवऱ्याची, सासूची, पोरांची सेवा करता करता त्याच आजारी पडत आणि त्यांना पाणी द्यायला कोणी उरत नसे. तेव्हा लस नव्हती. रोग कशानं होतो हेही ठाऊक नव्हतं; माणसातला फ्लूचा विषाणू प्रयोगशाळेत हाती लागला तो १९३३ मध्ये.

तू म्हणशील, शंभर वर्षांपूर्वीच्या गोष्टी काय सांगतेस. मग २००९ घे. त्या ऑगस्टमध्ये मी पुण्यातच होते. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू याच शहरात झाला, चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा. त्यानंतरच्या दिवसांत शाळा बंद, थिएटरं बंद, नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा आणि रस्त्यावर प्रत्येकाच्या तोंडाला रुमाल. २०१५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तर तुम्हीच ते अनुभवलंत. राज्यात स्वाइन फ्लूची मोठी झळ बसलेल्या शहरांत नागपूर होतं आणि मेयो आणि मेडिकल या रुग्णालयांच्या वॉर्डांच्या बातम्या रोज पेपरात येत होत्या. त्या एका वर्षात देशात बेचाळीस हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले आणि जवळजवळ तीन हजार माणसं दगावली. २०१७ मध्ये देशातले सर्वाधिक मृत्यू आपल्या महाराष्ट्रातले होते, सातशेहून अधिक. हे फक्त तपासणी होऊन नोंदले गेलेले आकडे. आजचा हंगामी फ्लू म्हणजे स्वाइन फ्लूचा हाच एच१एन१, त्याचा भाऊबंद एच३एन२ आणि बी प्रकारचा विषाणू. स्वाइन फ्लू कुठे गेला नाही. तो आपल्यातच राहिला आहे आणि दर वर्षी येतो.

आता वेळेचं बोलू. फ्लू म्हणजे थंडीतला आजार असं आपण धरून चालतो, कारण युरोप-अमेरिकेत तो हिवाळ्यात येतो. आपल्याकडे त्याचे दोन हंगाम आहेत. एक जानेवारी ते मार्च, दुसरा पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर. या दुसऱ्या हंगामात महालात काय काय असतं ते तूच आठवून बघ. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी मारबत. इतवारी-महालच्या अरुंद रस्त्यांवरून काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे पुतळे निघतात, बडगे निघतात, माणसाला माणूस घासून चालतो आणि हजारो कंठ एका सुरात ओरडतात, रोगराई घेऊन जा गे मारबत! मग गणपती, मग महालक्ष्म्या, पितृपक्षात भोसल्यांच्या वाड्यातला मस्कऱ्या गणपती, पुढे नवरात्र. गर्दीचे सगळे दिवस आणि फ्लूचे दिवस हातात हात घालून येतात.

महालक्ष्म्यांचा दिवस तर आपल्या घरातलाच. माजघरात पाटाला पाट लागलेले, सोळा भाज्यांचा स्वयंपाक, दारं-खिडक्या पावसामुळे अर्धवट लावलेल्या. वाढणारी खोकते आहे, पण पंगत उठायच्या आत आंबील फिरवायची आहे म्हणून कोणी तिला बस म्हणत नाही. तिच्या खोकल्यातून, बोलण्यातून उडालेले बारीक थेंब समोर वाकलेल्या माणसाच्या श्वासात जातात. तिला ताप चढायच्या आदल्या दिवसापासूनच ती विषाणू पसरवते आहे. तिला स्वतःला ते माहीत नसतं. म्हणून नुसती आजारी माणसं टाळून भागत नाही. लस टोचल्यावर शरीरात प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. साथीची बातमी पेपरात आल्यावर धावपळ करण्यापेक्षा मृगाच्या आधी-मागे, म्हणजे मेअखेर ते जूनमध्ये ती घेतलेली बरी.

आता तुझ्या शंका एकेक करून घेते.

"शेजारच्या काकूंनी लस घेतली, तरी त्या तापल्याच." हे होतं आणि ते लपवण्यात अर्थ नाही. फ्लूची लस शंभर टक्के कवच देत नाही. लशीतले विषाणू त्या वर्षी फिरणाऱ्या विषाणूंशी चांगले जुळले तर डॉक्टरकडे जावं लागेल अशा फ्लूचा धोका ती साधारण चाळीस ते साठ टक्क्यांनी कमी करते. काही वर्षी याहूनही कमी. वय झालेल्या माणसांत तिचा असर थोडा उणा असतो. शिवाय ती फक्त फ्लूपासून वाचवते, बाकीच्या दोनशे सर्दी-तापांपासून नाही. काकूंना झालं ते फ्लूच होतं की दुसरं काही, हे तपासणीशिवाय सांगता येत नाही. पण लस घेऊनही फ्लू झालाच तर तो सहसा हलका जातो, दवाखान्यात भरती होण्याची आणि अतिदक्षता विभागात जाण्याची वेळ कमी येते. मला काळजी तीन दिवसांच्या तापाची नाही. काळजी आहे व्हेंटिलेटरची, आणि लशीचा खरा उपयोग तिथेच आहे.

"दर वर्षी कशाला?" दोन कारणं आहेत. एक, लशीनं आलेली ताकद काही महिन्यांत ओसरत जाते. दुसरं, हा विषाणू सतत रूप बदलतो. मारबत आपण दर वर्षी नवी उभारतो ना? मागच्या वर्षीची कामी येत नाही, ती तर शेवटी जाळलेली असते. फ्लूची लसही त्या त्या वर्षीची नवी असते. जगभरातल्या प्रयोगशाळा वर्षभर रुग्णांचे नमुने तपासतात. आपल्याकडचं हे काम पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे आहे, १९५२ साली सुरू झालेल्या. या माहितीवरून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये, पुढच्या हंगामाच्या लशीत कोणते विषाणू घ्यायचे ते सुचवते. मागच्या वर्षी घेतली होती, आता कशाला, असं म्हणणाऱ्यालाही म्हणूनच यंदा पुन्हा घ्यावी लागते.

"लशीनंच ताप येतो." दंडात देतात ती लस मेलेल्या विषाणूच्या तुकड्यांची असते. तिच्यात जिवंत विषाणू नसतो, म्हणून तिच्यातून फ्लू होऊच शकत नाही. दंड एक-दोन दिवस दुखतो, कधी अंग कसकसतं, बारीक ताप येतो. शरीर तयारीला लागल्याची ती खूण असते आणि ती आपोआप जाते.

"कोविडच्या लशीबद्दल काय काय ऐकलं, तसं हिच्यातही असेल तर?" ही शंका मी सगळ्यांत गंभीरपणे घेते. कोविशील्ड ज्या प्रकारची लस होती, त्या प्रकारात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा एक अतिशय दुर्मीळ आजार काही जणांना झाला हे खरं आहे. २०२४ मध्ये ब्रिटनच्या न्यायालयातल्या कागदपत्रांची बातमी आली तेव्हा इथेही घरोघरी काळजी पसरली. पण फ्लूची लस वेगळ्या तऱ्हेची आहे. तिच्यात दुसऱ्या विषाणूचं वाहन वापरत नाहीत. ती १९४० च्या दशकापासून वापरात आहे आणि दर वर्षी जगभरात कोट्यवधी माणसं ती घेतात. तिच्यातही एक दुर्मीळ धोका नोंदला गेला आहे, तो मी तुझ्यापासून लपवणार नाही. गिलाँ-बारे नावाचा मज्जातंतूंचा आजार दहा लाख डोसांमागे जास्तीत जास्त एक-दोघांना लशीमुळे होत असावा. तोच आजार खुद्द फ्लू झाल्यावरही होतो आणि त्यानंतर होण्याची शक्यता लशीपेक्षा जास्त असते. आधी कधी हा आजार झालेला असेल किंवा पूर्वीच्या फ्लूच्या लशीनं तीव्र ॲलर्जी आली असेल, तर डॉक्टरांना आधी सांगायचं. ताप भरलेला असेल तर तो उतरेपर्यंत थांबायचं. टोचल्यावर अर्धा तास तिथंच बसून यायचं, हे तुला कोविडच्या वेळेपासून माहीत आहेच.

"हा सगळा कंपन्यांचा धंदा आहे." कंपन्या नफ्यासाठीच लस विकतात, यात वाद नाही. खाजगीत ही लस दीड-दोन हजारांच्या आसपास पडते, आणि चार माणसांच्या घराला तो खर्च जाणवतो. पण न्यूमोनिया होऊन खाजगी दवाखान्याच्या अतिदक्षता विभागात काढलेला एक दिवस याच्या कितीतरी पट महाग असतो. हे शहरात कोणाला सांगायला नको. धंद्याचंच गणित असेल, तर आपण आजारी पडण्यात त्यांचा फायदा जास्त आहे. शिवाय आपल्या राज्य सरकारनं २०१५ पासून जोखमीच्या लोकांना ही लस मोफत आणि ऐच्छिक देण्याचा कार्यक्रम सुरू केला. दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीतल्या गरोदर स्त्रिया, मधुमेह आणि उच्च रक्तदाबाचे रुग्ण, आरोग्य कर्मचारी हे त्यात येतात. केंद्राच्या नेहमीच्या लसीकरणात ती नाही. सरकारी दवाखान्यातला साठा कधी असतो कधी संपतो, म्हणून दादाला आधी चौकशी करून यायला सांग आणि मगच रिक्षा कर.

"काढा घेते, हळदीचं दूध घेते, ते पुरत नाही का?" घे ना. ओवा-तुळशीच्या काढ्यानं घशाला बरं वाटतं, वाफेनं नाक मोकळं होतं. पण विषाणूची ओळख शरीराला आधीच करून देण्याचं काम त्यातलं काहीच करत नाही. काढा चालू ठेव आणि लसही घे. एकासाठी दुसरं सोडायचं कारण नाही.

आणि एक प्रश्न तू विचारला नाहीस, पण तो तुझ्या मनात येणार म्हणून मीच सांगते. आपल्या घरात अंडं येत नाही. बहुतेक फ्लूच्या लशींचा विषाणू कोंबडीच्या फलित अंड्यांत वाढवतात. मग तो मारतात, फोडतात, शुद्ध करतात आणि त्याचे नेमके तुकडे लशीत घेतात. एका डोसात ही लस अर्धा मिलीलिटर असते, म्हणजे चहाच्या चमच्याचा दहावा भाग, आणि तीत अंड्याच्या प्रथिनाचा अगदी लवलेश उरलेला असू शकतो. हे तुला नंतर दुसऱ्या कोणाकडून कळावं आणि मी सांगितलं नाही म्हणून तुला वाईट वाटावं, असं मला नको होतं. तुझ्या दंडावरच्या देवीची लसही वासरांच्या, मेंढ्यांच्या कातडीवर वाढवत असत. औषध हे औषध म्हणून घ्यावं, असं आजी म्हणायची. निर्णय तुझा. मला विचारशील तर जीव राखण्यासाठी घेतलेल्या औषधानं व्रत मोडत नाही, असं माझं मन सांगतं.

आता तुझ्या घराकडे बघू. घरातल्या प्रत्येक माणसासाठी लस घेण्याचं वेगळं कारण आहे.

तू सत्तरीच्या उंबरठ्यावर, साखर आणि रक्तदाब दोन्ही. फ्लू झाला की साखर आटोक्याबाहेर जाते आणि चढलेल्या साखरेत छातीतला संसर्ग लवकर हटत नाही. काकांना स्टेंट बसवलेला. फ्लूचं हृदयाशी काय देणंघेणं, असं वाटेल. कॅनडात झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की फ्लूचं निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराचा झटका येण्याची शक्यता सहापट होते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका चाचणीत हार्ट अटॅक येऊन गेलेल्या आणि हृदयाच्या धोक्यातल्या अडीच हजार रुग्णांपैकी अर्ध्यांना फ्लूची लस दिली, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. वर्षभरात लस न मिळालेल्यांत शंभरात साधारण पाच जण गेले, लस मिळालेल्यांत तीन. काकांच्या रोजच्या गोळ्या तू घड्याळ लावून देतेस. त्या गोळ्या ज्या हृदयासाठी आहेत, त्याच हृदयासाठी ही लस आहे.

वहिनीला सहावा महिना. गरोदरपणात फुफ्फुसांना आणि हृदयाला जास्त काम पडतं, प्रतिकारशक्तीची घडीही बदललेली असते. स्वाइन फ्लूच्या साथीत गरोदर बायकांना गंभीर आजार होण्याचा धोका जास्त होता, हे जगभर दिसलं. दंडात देतात ती लस गरोदरपणाच्या कोणत्याही महिन्यात देता येते असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आपल्याकडच्या सरकारी कार्यक्रमात ती चौथ्या महिन्यापासून पुढे मिळते. सगळ्यांत मोलाची गोष्ट पुढे आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही. त्याला संरक्षण मिळतं ते आईच्या रक्तातूनच. वहिनीनं घेतलेली लस त्या न जन्मलेल्या बाळाच्या पहिल्या सहा महिन्यांसाठीही आहे. पोटातल्या बाळाला धोका नको म्हणून तू तिला लस नको म्हणालीस, तुझ्या मायेपोटीच. तीच माया मनात धरून मी घ्यावी म्हणते.

नातू साडेतीन वर्षांचा. सहा महिने ते पाच वर्षांच्या सगळ्या मुलांना ही लस दर वर्षी द्यावी, अशी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे. आधी कधी घेतली नसेल तर पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस. आज पहिला घेतला तर जूनअखेरीस दुसरा, आणि पोळ्याच्या बैलाला झूल घालायच्या आधी तो तयार. शाळेतून, बालवाडीतून फ्लू घरी आणणारी लहान मुलंच असतात, आणि ती सगळ्यांत आधी आजीच्या मांडीवर बसतात.

दादा चाळिशीचा, तब्येतीनं ठणठणीत. त्याला फ्लू झाला तरी तो चार दिवसांत उभा राहील. पण दिवसभर दुकानात शंभर माणसांशी बोलून तो रात्री त्याच घरात येतो. त्यानं घ्यावी ती तुमच्यासाठी.

लस म्हणजे सगळं नव्हे, हेही सांगते. वाड्याच्या मागच्या खोलीला खिडकी लहान आहे, हवा खेळत नाही. पाऊस असला तरी दिवसातून काही वेळ दारं-खिडक्या सताड उघडत जा. बाहेरून आल्यावर साबणानं हात. कोणाला खोकला लागला तर त्यानं मास्क लावायचा आणि पंगतीत वाढायला उभं राहायचं नाही, मग ती घरची मोठी सून का असेना. आजारी मुलाला शाळेत पाठवायचं नाही. मेडिकलवाल्याकडून विचारून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणायच्या नाहीत. त्या जंतूंवर चालतात, विषाणूवर चालत नाहीत. मुलाला तापासाठी ॲस्पिरिन तर कधीच नको.

आणि एवढं करूनही फ्लू झालाच तर वाट बघत बसू नका. सौम्य ताप-खोकला असलेल्या धडधाकट माणसाला तपासणीचीही गरज नसते, घरी वेगळं झोपून आराम पुरतो. पण तू, काका, वहिनी आणि नातू या चौघांपैकी कोणालाही ताप-खोकला आला की त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. फ्लूवर ओसेल्टामिविर नावाचं औषध आहे, टॅमिफ्लू म्हणून तुम्ही ऐकलं असेल. ते लक्षणं सुरू झाल्यापासून दोन दिवसांच्या आत सुरू केलं तर जास्त उपयोगी पडतं, आणि ते डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्यायचं. दम लागणं, छातीत दुखणं, खूप झापड येणं, थुंकीतून रक्त, ओठ-नखं निळसर होणं, मुलानं खाणं-पिणं सोडणं किंवा भराभर श्वास घेणं, यांतलं एकही दिसलं तर रात्र असो की पाऊस, मेयो किंवा मेडिकल गाठायचं. सकाळी बघू म्हणायचं नाही.

आत्या, या घरात कोण काय खाणार, कोणाला कुठे न्यायचं, कोणती औषधं संपत आली, हे सगळं तुझ्या शब्दावर चालतं. तू नको म्हटलंस तर वहिनी घेणार नाही, काका तर नाहीच नाही. तू हो म्हटलंस तर अख्खं घर घेईल, आणि तुझं बघून गल्लीतल्या चार बायका घेतील, पोलिओच्या रविवारी घेत होत्या तशाच. म्हणून हे पत्र दादाला न लिहिता तुला लिहिलं.

एवढं कर. या आठवड्यात तुझ्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा, हे पत्र सोबत ने, मनातली प्रत्येक शंका त्यांना विचार. काकांच्या गोळ्यांची चिठ्ठी आणि वहिनीचं गरोदरपणाचं कार्ड बरोबर असू दे. यंदाची नवी लस आली आहे का ते विचार आणि आली असेल तर तिथंच घेऊन ये. वहिनीची तारीख त्यांच्याकडूनच ठरवून घे आणि नातवाच्या दुसऱ्या डोसची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेव. मृग लागायच्या आत, नातवाचा पहिला डोस धरून, घरातल्या पाचही जणांची लस झालेली असू दे.

सगळ्यांना नमस्कार आणि नातवाला गोड पापा.

तुझी भाची